विरलेले आणि फाटलेले

आमच्या डोंबिवलीच्या घरी फ्रिजच्या दारावर एक कागद गेली काही वर्षे चिकटलेला आहे. त्याच्या कडा तेलकट झाल्या आहेत, एक कोपरा गळून पडला आहे. त्यावर गुडघ्याच्या सहा व्यायामांची पेनाने काढलेली साधी चित्रे आहेत. 2022 मध्ये या कागदाने मला शस्त्रक्रियेच्या टेबलापासून दूर ठेवले. 2024 च्या ऑगस्टमध्ये मी त्याच कागदाचे छायाचित्र कल्याणच्या माझ्या भाच्याला मोबाइलवर पाठवले आणि त्याचे तीन आठवडे वाया घालवले. दोघांच्याही एमआरआयच्या अहवालात मेनिस्कस फाटल्याचेच लिहिले होते. वाचकहो, दुखण्याला एकच नाव असल्याने माझी जी फसगत झाली ती आपल्यापैकी कोणाची होऊ नये, म्हणून हे लिहायला बसले आहे.

प्रथम माझ्या गुडघ्याविषयी. 2022 च्या भाद्रपदात गौरी आवाहनाच्या दिवशी मी उंबरठ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत पावले काढत होते. उकिडवे बसून, एकेक पाऊल मागे सरकत. शेवटचे पाऊल काढून उठताना शरीर वळले आणि पाऊल फरशीवर तसेच राहिले. उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूस काहीतरी टचकन झाले. कोणी ढकलले नाही, मी पडलेही नाही. संध्याकाळपर्यंत कामाच्या गडबडीत विसरलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा नारळासारखा फुगला होता.

ही सूज उशिरा येणे डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते, हे मला नंतर कळले. गुडघ्यातला लिगामेंट तुटला तर बहुधा तासा-दोन तासांत आत रक्त साठून गुडघा टम्म होतो. मेनिस्कसच्या दुखापतीत सूज सहसा सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत चढते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना 'केव्हा दुखावला' याबरोबर 'केव्हा सुजला' हेही लक्षात ठेवून सांगावे.

आता हा मेनिस्कस म्हणजे काय? आपल्या मांडीचे हाड खालच्या टोकाला दोन गोल उंचवट्यांनी संपते आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असतो. गोल बुडाची कळशी सपाट जमिनीवर ठेवली तर ती डुलते. आपल्या आज्या तिच्याखाली कापडाची चुंबळ ठेवीत. गुडघ्यात निसर्गाने अशाच दोन चुंबळी ठेवल्या आहेत, एक आतल्या बाजूस आणि एक बाहेरच्या. मात्र त्या पूर्ण वर्तुळाकार नसून चंद्रकोरीसारख्या आहेत. बाहेरची कड जाड, आतली पातळ. त्यांच्यामुळे हाडांवरचा भार पसरतो. एका ठिकाणी जो दाब बोचला असता, तो मोठ्या जागेवर वाटला जातो. सामान्य बोलण्यात लोक याला 'गुडघ्यातली गादी' म्हणतात, ते चूक नाही. पण हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत पांढरा थर असतो तीही कूर्चाच आणि तिची झीज म्हणजे आपण ज्याला गुडघे झिजणे म्हणतो ते. गादी निराळी आणि हा थर निराळा. बरेचसे घोटाळे येथूनच सुरू होतात.

दुसरी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची. या गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. आतला बराचसा भाग सांध्यातल्या द्रवावर पोसला जातो. जिथे रक्त पोहोचते तिथे जखम भरून येण्याची आशा असते. आतल्या भागात ती जवळजवळ नसते.

शिवणकाम जाणणाऱ्या बायका कापड विरणे आणि कापड फाटणे यांत फरक करतात. नवी साडी खिळ्याला अडकून फाटली तर रफू करता येते. जुने नऊवारी घडीवर विरते, त्याला टाका घातला तर टाक्यासकट सुटते. पन्नाशीनंतर गुडघ्यातली गादी अशीच विरत जाते आणि एखाद्या किरकोळ वळणाने तिला चीर पडते. विशीतली गादी मात्र चिवट असते. ती फाटायला मैदानावरचा जोरदार पीळ लागतो.

माझी गादी विरलेली होती. ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडाकडे धरली आणि सांगितले, "फाटलंय. दुर्बिणीतून वीस मिनिटांचं काम आहे. पुढच्या मंगळवारी दाखल व्हा. मेडिक्लेम आहे ना?" माझ्या गुडघ्याला त्यांनी हातही लावला नव्हता. मी घाबरून हो म्हणून आले. सुटीचा अर्जही लिहिला. महाविद्यालयातल्या एका सहकारी मैत्रिणीने आग्रह धरला म्हणून केवळ ठाण्याच्या एका ज्येष्ठ अस्थिरोगतज्ज्ञांकडे दुसरे मत घ्यायला गेले.

त्यांनी फिल्म बाजूला ठेवली. आधी मला चालायला लावले, उकिडवे बसता येते का पाहिले. सांध्याच्या फटीवर बोटाने दाबून नेमके दुखते ते ठिकाण शोधले. पाय वाकवून, तळपाय धरून वळवत हळूहळू सरळ केला. मग एक प्रश्न तीनदा, निरनिराळ्या शब्दांत विचारला. "गुडघा अडकतो का? दुखतो म्हणून तुम्ही वाकवत नाही असं नव्हे. कुलूप लागल्यासारखा मध्येच अडकून बसतो, काही केल्या सरळ होत नाही, असं होतं का?" माझे तसे होत नव्हते. त्यांनी उभे राहून एक्स-रे काढायला लावला, कारण आडवे झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली झीज लपते. शेवटी फिल्म हातात घेऊन त्यांनी एकच गोष्ट बारकाईने तपासली, ती म्हणजे गादीचे मूळ हाडापासून उपटले आहे का. आपल्याकडे उकिडवे बसणाऱ्या मध्यमवयीन स्त्रियांत असे मूळ उपटण्याचे प्रकार होतात. मूळ सुटले की सारी गादीच निकामी होते, आणि अशा काही रुग्णांत ते वेळीच पुन्हा हाडाशी बांधणे हिताचे ठरते. माझे मूळ शाबूत होते.

"मग व्यायाम करा, तीन महिने," ते म्हणाले. मला फसवल्यासारखे वाटले. अहवालात फाटलेय लिहिलेले, आणि हे व्यायाम सांगतात!

त्यांनी त्यावर जे सांगितले ते मी पुढे स्वतः वाचून पडताळून पाहिले. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम या गावी पन्नाशीपुढच्या 991 लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले; ते निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मेनिस्कसला चीर आढळली त्यांच्यापैकी सुमारे 60 टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्याचा कसलाच त्रास नव्हता. म्हणजे पन्नाशीनंतर अशी चीर बरेचदा पांढऱ्या केसांसारखी असते. दिसते खरी, पण दुखण्याचे कारण तीच असेल असे नाही. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी तर त्याहून धाडसाचा प्रयोग केला. 35 ते 65 वयाचे 146 रुग्ण, सर्वांच्या गादीला विरल्यामुळे पडलेली चीर. सर्वांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली. निम्म्यांचा फाटका भाग कापला, उरलेल्यांच्या बाबतीत केवळ कापल्याचे सोंग केले. कोणाचे काय झाले हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वर्षभराने पाहिले तर दोन्ही गटांना आराम पडला होता आणि दोहोंत फरक नव्हता. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने झिजेच्या गुडघ्यांसाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया जवळजवळ कोणालाच करू नये, अशी ठाम शिफारस केली.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू "मी ऑपरेशननेच बरी झाले" असे शपथेवर सांगतात. त्या खोटे बोलत नाहीत. फिनलंडच्या दोन्ही गटांतल्या लोकांनीही हेच सांगितले असते.

तर मी व्यायाम केले. कंटाळवाणे असतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, मनात दहा मोजायचे, सोडायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. ओटा धरून अर्धवट बसल्यासारखे वाकायचे आणि उठायचे. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत हे चालायचे. फिजिओथेरपिस्ट ताईंनी एक सोपे प्रमाण दिले होते: व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणे वाढलेले असता कामा नये. वाढले तर आदल्या दिवशी जास्त झाले. वजन पाच किलो उतरवले. एक किलो वजन उतरले की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हा हिशेब ऐकल्यापासून वडापावाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

आणि जिने! डोंबिवली स्थानकाचा पूल चढून उतरणे, ठाण्याला पुन्हा तेच. चढताना धडका पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पुलावर मागून लोंढा येत असतो, त्यामुळे मी आठवडाभर तोंडाने पुटपुटत कठडा धरून उतरत असे. डब्यात बसल्यावर समोर 'विना ऑपरेशन गुडघेदुखी गायब' असे चिकटवलेले कागद दिसत. गॅप भरून काढतो म्हणणारी गोळी, तेल, पट्टा. गादी पुन्हा उगवेल अशी गोळी आजतागायत निघालेली नाही. वेदनाशामक गोळ्याही आपल्या मनाने आठवडेच्या आठवडे खाऊ नयेत, विशेषतः रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी. माघापर्यंत मी जवळजवळ बरी झाले होते. मांडी घालून फार वेळ बसता येत नाही, आणि पावले आता सुनबाई काढते.

अशा बरे झालेल्या माणसाला एक खोड जडते. तो सर्वांना सल्ले देऊ लागतो.

भाचा तेवीस वर्षांचा. कबड्डी खेळतो, चढाईत चपळ, आणि पोलीस भरतीची तयारी करत होता. भरतीच्या मैदानी चाचणीत 50 गुण असतात आणि त्यांतले 20 एकट्या 1600 मीटर धावण्याला. ऑगस्टमध्ये सरावाच्या वेळी त्याचा पाय मॅटवर रोवलेला असताना पकड करणाऱ्याने त्याला कमरेतून ओढले. आठवड्याने त्याचा फोन आला. "आत्या, माझापण गुडघा तुझ्यासारखाच झालाय. आतल्या बाजूला दुखतो. पूर्ण सरळ होत नाही. बाबांना सांगू नकोस." मी म्हणाले, "अरे, माझाही होत नव्हता सुरुवातीला. सूज उतरली की होईल." आणि कागदाचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी मला तीनदा विचारलेला तो प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नाही.

गौरी पूजनाला तो घरी जेवायला आला. सगळे पंगतीत बसले आणि हा भिंतीला टेकून उभा. उजवी टाच जमिनीला लागत नव्हती. मी त्याला आतल्या खोलीत नेऊन पलंगावर पाय पसरायला सांगितले. डाव्या गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकली. उजव्याच्या खालून माझी चार बोटे सहज आत गेली. "दाब जरा," म्हटले. त्याने दाबले, गुडघा रबरासारखा परत आला. मधल्या काळात तो एका मालीशवाल्याकडे जाऊन आला होता, त्याने हिसका देऊन 'बसवण्याचा' प्रयत्न केला होता. बाहेर आरती चालली होती आणि मी त्याचा पाय हातात धरून बसले होते. वाटले, हा हिसका त्या माणसाने दिला. तीन आठवडे मात्र मी घेतले.

एमआरआयमध्ये दिसले ते असे: आतल्या गादीला लांबीच्या दिशेने चीर गेली होती आणि सुटलेला भाग बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्याच्या मधोमध येऊन अडकला होता. दारात पायपुसणे अडकले की दार जसे पूर्ण उघडत नाही, तसे. हे कुलूप व्यायामाने निघत नाही. असा अडकलेला गुडघा आठवडे-महिने तसाच ठेवला तर उलटलेला तुकडा चेंगरून विद्रूप होतो आणि मग शिवण्याजोगा राहत नाही. तरुण माणसाचा गुडघा दुखापतीनंतर पूर्ण सरळ होईना, तर दिवसांत तज्ज्ञ गाठायचा, आठवड्यांत नव्हे. (गुडघा गरम, लाल, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर मात्र दिवसांचीही वाट पाहू नये. त्यात सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.)

शस्त्रक्रिया लागणार हे ठरले. खरा पेच पुढेच होता. उलटलेला भाग कापून काढला तर भाचा सहा-आठ आठवड्यांत धावू लागला असता. जागेवर बसवून शिवला, तर सहा आठवडे कुबड्या आणि पट्टा, गुडघा काटकोनापलीकडे वाकवायचा नाही, धावणे चार-पाच महिन्यांनी, कबड्डी त्याहूनही उशिरा. एवढे करूनही साधारण चार-पाचांतील एकाचा टाका पुढेमागे दगा देतो, हेही डॉक्टरांनी लपवले नाही. आणि भरतीची जाहिरात आज येते, उद्या येते अशी सगळ्या मुलांत चर्चा.

"कापूनच टाका," भाचा म्हणाला. "जोकोविचचं बघा ना." त्या वर्षी जूनच्या आरंभी फ्रेंच स्पर्धेत जोकोविचच्या उजव्या गुडघ्यातली हीच गादी फाटली होती. 5 जूनला पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली, 14 जुलैला तो विम्बल्डनचा अंतिम सामना खेळला आणि 4 ऑगस्टला ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन गेला. डॉक्टर हसले. "शिवलेल्या गादीवर कोणी इतक्या लवकर परतत नाही. आणि तो सदतीस वर्षांचा आहे, सगळं जिंकून झालेला. तुला या गुडघ्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरी करायची आहे."

त्यांनी जी हकिगत सांगितली ती मला फार विलक्षण वाटली. फाटलेली गादी शिवण्याची पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया 1883 सालची. एडिंबरोच्या टॉमस ॲनंडेल यांनी एका खाणकामगाराच्या गुडघ्यावर ती केली आणि तो कामावर परत गेला. पण पुढची कित्येक दशके शल्यविशारदांनी हे विसरून फाटलेली गादी सरसकट काढून टाकली, कारण तिचा काही उपयोगच नाही असा समज होता. 1948 मध्ये फेअरबँक नावाच्या ब्रिटिश शल्यविशारदाने गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे मांडून दाखवले: सांध्यातली फट अरुंद झालेली, हाडाची कड वाढलेली, मांडीच्या हाडाचा उंचवटा चपटा झालेला. पुढे 1962 मध्ये टोकियोत मासाकी वातानाबे यांनी दुर्बिणीतून फक्त फाटलेलाच तुकडा काढून दाखवला. तरीही सगळीच गादी काढण्याची सवय जायला आणखी काही दशके लागली.

भाच्यावर या इतिहासाचा फारसा परिणाम झाला नाही. त्या संध्याकाळी त्याचे कबड्डीचे जुने प्रशिक्षक भेटायला आले. वय साठीच्या पुढे. बोलताबोलता त्यांनी पँटचा पाय वर दुमडला. गुडघ्याच्या आतल्या बाजूस लांब व्रण, पाय गुडघ्यातून बाहेर वाकलेला. खेळत असताना गादी काढली होती. दीड महिन्यात पुन्हा मैदानावर उतरले आणि त्या मोसमात गाजलेही. आता कल्याण स्थानकाचा जिना ते एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत चढतात आणि कृत्रिम सांधा बसवण्यासाठी पैसे जमवत आहेत. भाच्याने विचारले, "सर, तेव्हा शिवायचं का नाही ठरवलंत?" ते म्हणाले, "मला कुणी विचारलंच नव्हतं रे."

संमतीपत्रावर डॉक्टरांनी लिहिले होते, 'शक्य असल्यास शिवणे, अन्यथा कमीत कमी काढणे.' दुर्बीण आत गेल्याशिवाय नेमके ठरत नाही, म्हणून असे लिहितात. आपल्या घरी वेळ आली तर हे वाक्य वाचून, विचारून घ्यावे. दादा गप्प बसून होता. वहिनी रडत होती. भाच्याने कागद वाचला, 'अन्यथा' या शब्दावर बोट ठेवून डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले आणि सही केली. चीर रक्त पोहोचणाऱ्या कडेजवळ निघाली. तुकडा चेंगरला होता, पण शिवता आला.

पुढच्या सहा आठवड्यांत तो कोणाशी धड बोलला नाही. पोटरी सुजली, दुखली किंवा धाप लागली तर लगेच कळवायचे, असे रुग्णालयातून बजावले होते, कारण पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून वहिनी रोज त्याच्या पोटरीला टेप लावून बघायची आणि तो चिडायचा. मैदानावरच्या मुलांचे संदेश यायचे, ते तो न वाचता पुसायचा. नरकचतुर्दशीच्या सकाळी मात्र तो आपणहून आला. फडके रोडवर नेहमीसारखी तरुणांची तोबा गर्दी. हा पट्टा बांधून, हातात एकच कुबडी, कोपऱ्यावर उभा. मी म्हटले, "माझ्यामुळे तुझे तीन आठवडे गेले." तो म्हणाला, "आत्या, मी तुलाच फोन केला, कारण तू ऑपरेशन नको म्हणशील हे मला माहीत होतं."

फेब्रुवारीच्या अखेरीस त्याने सावळाराम महाराज क्रीडा संकुलात पहिली फेरी धावून घेतली. फिजिओथेरपिस्ट ताईंनी एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असे ठरवून दिले होते. मी कठड्याशी घड्याळ घेऊन उभी होते. बाजूच्या मुलांनी त्याला दोनदा मागे टाकले. त्याने मान वर केली नाही, माझ्या हाताकडे पाहत मिनिट संपेपर्यंत धावला आणि थांबला. भरतीची जाहिरात तेव्हा आलेली नव्हती. घरी आल्यावर त्याने फ्रिजवरच्या कागदाचा पुन्हा एक फोटो काढला. या वेळी तो त्याच्या ताईंना विचारून.